हरलेल्यांची वजावट

मावशीला लॉटरी लागली. विक्रोळी स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून ती वर्षानुवर्षं तिकिटं घेत होती, आणि तिला कधी काही लागेल असं आमच्यापैकी कुणाला वाटत नव्हतं. लागली तीही बंगला घेण्याइतकी नाही, पण नवा फ्रीज येईल आणि वर गोव्याला जाऊन येता येईल एवढी. प्रत्यक्षात पैसे आले ते तीस टक्के कर कापून. फ्रीज आला, गोवा राहिला.

दिवाळीच्या पाडव्याला ती आणि काका आमच्याकडे मुलुंडला जेवायला आले ते ही तक्रार घेऊनच. बाबा आयकर खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे सगळं सरकार तिला आमच्या जेवणाच्या टेबलावरच सापडलं. इतकी वर्षं फुकट गेलेल्या तिकिटांचे पैसे आधी वजा करा आणि उरेल त्यावर कर लावा, असं तिचं म्हणणं. बाबांनी श्रीखंड कालवत समजावलं की लॉटरीत, पत्त्यांत झालेल्या नुकसानीला वजावट मिळत नाही.

"म्हणजे जिंकले की सरकार माझं पार्टनर, आणि हरले की ओळखसुद्धा दाखवत नाही?" मावशी म्हणाली.

बाबा म्हणाले, वजावट दिली तर देशात एकही माणूस जिंकणार नाही. मावशीच्या मते माणसं इतकी वाईट नसतात. काका जेवताना सहसा बोलत नाहीत, पण त्यांनीच सुचवलं की आपण तीन पत्ती खेळणारच आहोत, तर करून बघू.

तसं ठरलं. जो जिंकेल त्याने तीस टक्के स्टीलच्या वाटीत टाकायचे, त्यातून संध्याकाळी आइस्क्रीम. मात्र आधीची हार वजा करायला परवानगी. बाबा स्वतः खेळणार आणि सरकारही तेच.

पाच वाजेपर्यंत डाव रंगला. मग बाबा चष्मा लावून दिवाणावर बसले आणि एकेकाला विचारू लागले. आई हरली होती. माझी बायकोही हरली होती, शिवाय गेल्या दिवाळीची हार पुढे ओढायची होती. काकांनी हारीत विक्रोळी ते मुलुंड रिक्षाचं भाडं धरलं. मावशीने आजवरची सगळी तिकिटं लावली. मीही हरलोच होतो, आजही माझं म्हणणं तेच आहे.

"सगळे हरलात, तर पैसे गेले कुठे?" बाबांनी विचारलं.

आई चहा टाकायला उठली तेव्हा तिच्या कमरेपाशी काहीतरी खुळखुळलं. किल्ल्या आहेत, असं ती न विचारताच म्हणाली.

जिंकल्याचं कबूल करणारे एकटे बाबाच निघाले. चाळीस रुपये. त्यांनी मोजून बारा रुपये वाटीत टाकले आणि आमच्याकडे असं पाहिलं, की नोकरीत त्यांच्यासमोर बसलेल्या लोकांची मला दया आली. सिद्ध झालं ना, एवढंच ते म्हणाले.

मावशी वाटीत डोकावली.

"कायदा बरोबर आहे, भावोजी. मान्य. पण आइस्क्रीमचं काय?"

सरकार उठलं, पायात चपला सरकवल्या, कापडी पिशवी घेतली आणि खाली जाऊन स्वतःच्या पेन्शनमधून सीताफळाचा फॅमिली पॅक घेऊन आलं. सगळ्यांत मोठा वाडगा मावशीने घेतला. बाबा मात्र खाताना एकेकाच्या खिशाकडे बघत होते.

पुढच्या दिवाळीपासून आम्ही शंकरपाळ्यांवर खेळतो. जिंकणारा जिंकलेलं तिथल्या तिथे खाऊन टाकतो, आणि बाबांना काही विचारताच येत नाही.