नव्या सॉफ्टवेअरच्या नकाशावर एक ठिपका कमी

मित्रांनो, आज दुपारी ऑफिसात जे पाहिलं ते डोक्यातून जातच नाहीये.

आम्ही जळगावहून सोलर पॅनल बसवायची कामं घेतो. कुठल्या साइटवर काम कुठवर आलं, हे नोंदवायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर आता बंद होतंय. त्याच्या जागी नवं येतंय. काम, हजेरी, फोटो, चॅट, सगळं एकाच ठिकाणी. "सोमवारपासून सुरू," असं शेठ म्हणाले होते. गेल्या आठवड्यात आमच्या फोनवर टाकूनही घेतलं, "नुसतं उघडतं का ते बघायला."

आज सॉफ्टवेअरवाला माणूस ते भिंतीवर दाखवत होता. मध्येच शेठनी आमच्या धुळ्याच्या सुपरवायझरना, नानांना फोन लावला. स्पीकरवर.

"नाना, साइटवर पोहोचलात का?"

"निंघनू शेठ, रस्तामा शे मी!"

आमच्याकडे 'निघालो' म्हणजे माणूस अजून चप्पल शोधतोय, हे शेठनाही ठाऊक आहे. पण कुणाचा फोन कुठे आहे ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या नकाशात नानांचा ठिपका थेट त्यांच्या घरावर होता. सगळे खो खो हसले.

मला हसू आलं नाही. सोमवार अजून उजाडायचाय, मग ठिपका आज कसा?

मी नकाशा नीट बघितला. नाना होते, मी होतो, हिशेब बघणाऱ्या अक्काही होत्या.

शेठ नव्हते.

तुमच्याकडे असलं काही आलं असेल तर खरं सांगा, त्यात साहेबांचा ठिपका दिसतो का?