टेकू न लावलेलं जनावर

तोलमास्तरांच्या डाव्या हातातल्या पिशवीत कायम एक दगड असे. गोदावरीतला, गुळगुळीत, चांगला जड. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा उजवा पाय आखूड झाला होता. चालताना अंग त्या बाजूला कलायचं, ते या दगडाने सावरत. काठी वापरा म्हटलं की चिडत. नाशिकच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी संस्कृत. नाव पोरांनी ठेवलेलं, आणि पोरांनी ठेवलेली नावं सहसा चुकत नाहीत.

जनावर दिसलं की हे थांबून त्याचं वजन काढत. डुंबणाऱ्या म्हशीपायी एकदा मला घाटावर भर उन्हात ताटकळत ठेवलं. तिचं अंग पाण्याइतकंच जड, म्हणून तर ती तरंगते, हे त्यांचं म्हणणं. मग शाडूची छोटी म्हैस काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवायची, सांडलेलं पाणी मोजायचं आणि खरी म्हैस तिच्या किती पट मोठी त्या हिशोबाने खऱ्या म्हशीचं वजन काढायचं. तेच त्यांना डायनोसॉरचं काढायचं होतं. बरं, हा डायनोसॉर कोण, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला! त्याच्या वजनावाचून नाशकात कोणाचं काय अडलं होतं, देव जाणे.

विलायती पुस्तकातल्या चित्रात दोन पायांचा डायनोसॉर शेपूट जमिनीला टेकून उभा होता. मास्तरांना ते पटेना. "शेपूट टेकायला नसते, शास्त्रीबुवा. तोलायला असते." शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यांनी शेपूट उचललेला, दोनच पायांवरचा शाडूचा डायनोसॉर केला. तो सरळ नाकावर पडला. हेडमास्तरांनी बजावलं की टेकू लावा. इन्स्पेक्टरसाहेबांपुढे हे पडलं तर विज्ञानाचे तास तुमच्याकडून काढून घेईन.

मी सुचवलं, शेपटीत एक गोटा भरा, कोणाला कळतंय? तर माझ्यावरच उखडले. "मी स्वतःला दगड बांधीन, त्याला नाही. त्याचा तोल त्याच्याच अंगात असला पाहिजे."

शेजारच्या आमिनाबीच्या कोंबड्या दिवसभर दोन पायांवर हिंडत, एकही तोंडावर पडत नसे. मास्तर तिच्याकडे गेले आणि जेवणानंतरची हाडं मागितली. "लोक कोंबडी मागतात, मास्तर, तुम्ही हाडं मागता," म्हणत तिने पानात बांधून दिली. ब्राह्मणाच्या ओसरीवर हाडं! आळीत बोंब झाली; मीसुद्धा चार हात लांबच उभा होतो. मास्तरांनी त्यातलं पंखाच्या दंडाचं हाड मोडलं. आत पोकळ. झालं, त्यांनी डायनोसॉर नव्याने घडवला, डोकं, मान, छाती आतून कोरून. आकार तोच, पुढचा भार कमी.

प्रदर्शनात इन्स्पेक्टरसाहेबांनी त्याला बोटाने ढोसून पाहिलं. किंचित डुलला, पण उभा राहिला. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तास मास्तरांकडेच राहिले.

पुढे पायाचं दुखणं वाढलं आणि ते शाळा सोडून कळवणला बहिणीकडे निघाले. निघताना डायनोसॉर माझ्या हवाली केला. ते मोटारीत चढत असताना मी, मदत म्हणून, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि मास्तर कोलमडलेच. दाराचा दांडा धरून कसेबसे सावरले.

"शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "मला हलकं करू नका."

मी पिशवी परत दिली. ते आपले आपण चढले. त्यानंतर भेट नाही, वर्षभरात गेले. असा हट्टी माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि त्याची उणीव अजून जाणवते.

डायनोसॉर माझ्या कपाटावर आहे. पडेल म्हणून सून रोज त्याच्या शेपटीखाली काडेपेटी सरकवते. मी रोज ती काढतो.