लाल दिव्यावरची काळी टेप

"अरे भिया, असली माल तर तू काटूनच टाकला," केळकर साहेब फोनवर म्हणाले.

मी धारच्या अलीकडे एका धाब्यावर लॅपटॉप मिटत होतो. बाग गावातल्या कापडछपाईवरची स्टोरी तिथेच बसून एडिट केली होती आणि नुकतीच आमच्या चॅनलच्या इंदूर ऑफिसला, साहेबांकडे पाठवली होती. जे मी पाठवलंच नव्हतं, ते साहेबांनी पाहिलं कसं, हे मला कळेना.

मी देवासचा. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून इकडे आले, मी टीव्हीच्या कॅमेऱ्यामागे लागलो. पूर्वी तो कॅमेरा खांद्यावर घ्यायचा म्हणजे पोतं उचलायचं. शूट झालं की टेप बसच्या कंडक्टरच्या हाती इंदूरला धाडायची, मग तिकडे एडिटिंगच्या खोलीत तिचा नंबर लागायचा. आता कॅमेरा मुठीत मावतो आणि ती सगळी खोली मांडीवर येते. याबद्दल माझी तक्रार नाही. रंगाच्या भट्टीजवळ, वाफेत, जिथे जुन्या कॅमेऱ्याला पाय ठेवता आला नसता तिथे मी हा आरामात नेला.

पण जुना कॅमेरा लपत नसे. खांद्यावर चढला की बाया पदर सारखा करत, खाली ठेवला की मोकळ्या होत. नव्या कॅमेऱ्याला फक्त एक बारका लाल दिवा असतो. तो पेटला की रेकॉर्डिंग चालू. आमच्या ऑफिसने सगळ्या कॅमेऱ्यांच्या त्या दिव्यावर काळी टेप चिकटवून दिली होती, रेकॉर्डिंग सुरू-बंद होताना 'टुक' असा आवाज होतो तोही बंद करून ठेवला होता. "लाल बत्ती दिसली की पब्लिक अकडून बसते," हे साहेबांचं शास्त्र.

बाग गावात कापड छापणाऱ्या जमनाबाईंची मुलाखत घेतली. पन्नाशीची बाई, लाकडी ठसे उचलून उचलून मनगटं जाड झालेली. छान बोलल्या. मी बटण दाबून कॅमेरा बंद केला आणि वायर गुंडाळू लागलो. तेव्हा त्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "भैया, सेठ बाहर से मशीन का छपा माल लाता है, हमारे माल में मिला के हाथ का बोल के बेचता है। ये टीवी पे मत देना। मेरे को काम से निकाल देगा।"

"नी देंगे, बाई," मी म्हणालो.

धाब्यावर लॅपटॉप उघडला तेव्हा ते सगळं बोलणं समोर आलं. बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. दिवा दिसत असता तर मला तिथेच कळलं असतं, आणि मला कळायच्या आधी बाईंना कळलं असतं. मी तो भाग कापून टाकला आणि विषय संपला असं समजलो.

संपला नव्हता. ऑफिसने कॅमेऱ्याला अशी सोय करून ठेवली होती की नेटवर्क मिळताच शूट केलेलं सगळं आपोआप इंदूरला जावं. ही सोय आम्हा बाहेर फिरणाऱ्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

"साहेब, मी तिला शब्द दिलाय."

"अरे, चेहरा धुंधला करून देऊ. टेन्शन का घेतो?"

"आवाज तिचा, मनगटं तिची. तिथे तिला कोण ओळखत नाही?"

"आवाज पण बदलू. तू समाजसेवा नको करू, भिया. तू कॅमेरा चालव."

पूर्वी टेप माझ्या पिशवीत असायची, कंडक्टरला द्यायची की नाही ते मी ठरवायचो. आता माझ्या हातात होता फक्त फोन, आणि त्यावर मी साहेबांना नको नको ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणसाने आधीच ठरवलेलं असलं की त्याला ऐकायला काही त्रास होत नाही.

त्या संध्याकाळी ते बोलणं दाखवलं गेलं. चेहरा धुंधला केला होता. आवाज बदलायचं मात्र घाईत राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात मी स्वखर्चाने बाग गावी गेलो. जमनाबाई घरीच होत्या, ऐन कामाच्या वेळी. शेठने दुसऱ्याच दिवशी कामावर येऊ नको असा निरोप पाठवला होता आणि गावातला दुसरा कोणी छापणारा त्यांना कामावर घेत नव्हता. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. माझे रिकामे हात पाहिले, मग शर्टाचा खिसा, मग खांद्यावरची पिशवी.

"पहले ये बता भैया," त्या म्हणाल्या, "अभी कहाँ रखा है?"

कॅमेरा आणलाच नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी का. दारातूनच परत आलो.

कॅमेऱ्यावरची टेप मी घरी पोचताच नखाने खरवडून काढली. केळकर साहेबांनी पुन्हा लावायला सांगितली, मी लावली नाही. तेव्हापासून मला मोठ्या स्टोऱ्या मिळत नाहीत, नगरपालिकेची उद्घाटनं मिळतात. तिथेही मी आधी मोठ्याने सांगतो, "कॅमेरा चालू आहे." लोक अकडून बसतात. बसू देत.