विरुपाक्ष मास्तरांचा हात

नव्या पेठेत चनबसप्पांचं कापडाचं दुकान होतं. त्यांचा धाकटा मुलगा विरुपाक्ष गादीवर न बसता शाळामास्तर झाला, याचं दुःख चनबसप्पांपेक्षा पेठेलाच जास्त झालं. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालाय," असं शेजारचे दुकानदार त्याच्या तोंडावर म्हणत. विरुपाक्ष हसत, टोपी सारखी करत आणि शाळेची वाट धरत.

त्यांच्या मास्तर होण्याला एक जुनं दुखणं कारण होतं. घरात कानडी, गल्लीत मराठी, अशा दोन भाषांत ते वाढले. मराठी शाळेत हुशार म्हणून गणले गेले. मग इंग्रजी चौथीत, म्हणजे आजच्या आठवीत, गेले आणि भूगोल, इतिहास, गणित, सगळंच एका सकाळी इंग्रजीतून सुरू झालं. कालपर्यंतचा हुशार मुलगा वर्षभर भिंतीवरच्या पालीकडे बघत बसला. मठ्ठ म्हणून त्याने जेवढा मार खाल्ला, तेवढा खरोखरच्या मठ्ठांनीही खाल्ला नसेल. ते वर्ष विरुपाक्ष कधी विसरले नाहीत. पुढे त्याच शाळेत मास्तर झाल्यावर त्यांनी मागून घेतला तो चौथीचाच वर्ग.

अठ्ठावीस-एकोणतीस सालची ही गोष्ट. पहिल्यापहिल्यांदा विरुपाक्ष मास्तर धडा आधी मराठीत सांगत, अक्कलकोटकडच्या मुलांना कानडीत सांगत आणि मग इंग्रजीकडे वळत. पोरांचे चेहरे उजळत. पण हेडमास्तरांना ते खपलं नाही. भाषा गोवरासारखी नुसत्या सहवासाने लागते, असं त्यांचं ठाम मत होतं. वर्गात इंग्रजीखेरीज शब्द उच्चारायचा नाही, असा त्यांनी हुकूम काढला, आणि हुकूम पाळला जातो की नाही हे ऐकायला ते स्वतः व्हरांड्यात फिरू लागले.

कान व्हरांड्यात होते, डोळे नव्हते. मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथेच. दुकानात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. तोंडातून चकार शब्द नाही आणि सौदा पक्का. लहानपणापासून त्यांनी ते पाहिलं होतं. बोटांनी भाव कळतो, तर भूगोल का कळू नये? मास्तर तोंडाने सावकाश इंग्रजी बोलू लागले आणि हाताने तेच दाखवू लागले. डावं कोपर दुमडून उभं धरलं की डोंगर. उजवा तळवा सरकत आला की वारा. बोटं झरझर खाली आली की पाऊस. हळूहळू प्रत्येक शब्दाला हात मिळाला. पोरांना धडा कळू लागला, आणि हात पाहून ती एका सुरात इंग्रजी वाक्यं म्हणू लागली. हेडमास्तर व्हरांड्यातून ऐकत आणि मिशीतल्या मिशीत खूश होत.

दिवाळीनंतर हात थोडे थोडे कमी करायचे, पोरांनी आपल्या पायांवर चालायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. दिवाळी झाली, संक्रांतही झाली, हात काही थांबले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडू लागलं होतं. सगळा वर्ग आपल्या बोटांकडे टक लावून बसतो, यात एक नशा असते. मास्तर भला माणूस होता, पण भल्या माणसालाही नशा चढते.

या वर्गात केम गावचा धोंडीराम होता, शाळेच्या बोर्डिंगात राहणारा. बाप जोतीराम शेतकरी. घराण्यात इंग्रजी शाळेचं तोंड पाहिलेला हा पहिलाच. केमहून गाडीने कुणी येणारं असलं की त्याच्याबरोबर फडक्यात बांधून भाकऱ्या येत, आणि पोरगा त्या कडक होईपर्यंत पुरवून खाई. त्याला नादारी मिळाली होती, म्हणजे फी माफ. नादारी गेली की शाळा गेली, हे बापाने त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पोरगा बोलायचा कमी. पण धडा कळला की त्याचे डोळे असे चमकत की मास्तरांना दुसरी कुठली पावती लागत नसे. त्याच्यावर त्यांचा जीव होता. कानडी नसूनही तो दानम्मांच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, हातची शेंगाचटणी मागून नेई, आणि दानम्मा त्याला "केमचा जावई" म्हणून चिडवत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेच्या तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले. चौथीच्या वर्गात शिरताच ते मास्तरांना म्हणाले, "तुम्ही मागे उभे राहा. मुलांना मी विचारतो."

मास्तर मागच्या भिंतीशी गेले. साहेबांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि एका सुरात बोलणारा तो वर्ग मुका झाला. एकेक पोरगा उठे, समोरच्या मोकळ्या जागेकडे बघे, जिथे रोज हात असत, आणि खाली बसे. व्हरांड्यात हेडमास्तरांचा चेहरा पडत चालला. आपण पोरांना इंग्रजी नाही, आपला हात शिकवला, हे मास्तरांना त्या भिंतीशी उभं राहून कळलं.

मग धोंडीराम उठला. डोंगराच्या पलीकडे पाऊस कमी का, असा प्रश्न होता. धोंडीरामने तोंड उघडण्याआधी मान वळवून मागे मास्तरांकडे पाहिलं. पोरगा अडला, त्याला काही सुचत नाही, असं मास्तरांना वाटलं. त्यांची नादारीवरची, शाळेवरची सगळी काळजी त्या एका क्षणात हातात उतरली आणि डावं कोपर आपोआप उभं राहिलं.

साहेबांनी पोराच्या नजरेमागे नजर नेली. डोंगर त्यांना दिसला, वारा दिसला, बोटांतून पडणारा पाऊसही दिसला. तोवर धोंडीराम समोर वळून बोलू लागला होता. त्याने उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत दिलं, कुठे न अडखळता.

"मास्तरांचं उत्तर छान आहे," साहेब म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे निघाले.

त्या संध्याकाळी निकाल लागला. मुलाने मास्तरांकडून चोरून उत्तर घेतलं. त्याची नादारी बंद. मास्तरांना समज. विरुपाक्ष हेडमास्तरांपुढे हात जोडून उभे राहिले.

"दोष माझा आहे. शिक्षा मला करा."

"तुम्हाला काढलं तर चौथी कुणी शिकवायची?" हेडमास्तर म्हणाले. "आणि मी काय करू? साहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय."

नोकरी सोडतो, असं मास्तर घरी येऊन म्हणाले. दानम्मा चुलीपुढून उठल्या नाहीत. "तुम्ही घरी बसल्याने त्याची फी माफ होणार आहे का? आधी पोराला आणा. आपल्या घरी राहू दे, फी आपण भरू."

हे पटण्यासारखं होतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर बोर्डिंगात पोचले, तोवर निरोप मिळून जोतीराम पोराला घेऊनही गेला होता. पहिल्या सुट्टीला मास्तर केमच्या गाडीत बसले. वाटभर ते मनात बोलणी जुळवत होते. जोतीरामपुढे कसं झुकायचं, पोराची समजूत कशी काढायची. आपण त्याला वाचवायला गेलो आणि बुडवलं, हे कबूल करायचं होतं. पण निदान मदतीलाच गेलो होतो, एवढा एक आधार मनाशी होता.

जोतीरामने त्यांना घोंगडी अंथरून दिली, गूळ-पाणी दिलं. मास्तरांनी सगळं सांगितलं. फीचं सांगितलं, घरात राहण्याचं सांगितलं. जोतीराम मान हलवत ऐकत राहिला.

"मास्तर, तुमी देवमाणूस हाय. पैशाचं न्हाय ते," तो म्हणाला. "साळंनं पोराला चोर म्हणलंय की. हितं सगळ्या गावाला ठावं झालंय. आता तितं तोंड कसं दाखवायचं त्यानं? त्याला इचारा."

धोंडीराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आठ दिवसांत उन्हाने रापला होता.

"येतोस ना?" मास्तर म्हणाले. "मी तुला नीट शिकवीन. हाताशिवाय. तुला बोलायला येईल असं शिकवीन."

धोंडीराम खाली बघत म्हणाला, "मला येत हुतं, मास्तर."

"काय?"

"त्ये उत्तर. मी तळ्याच्या काठाला बसून म्हणायचो. तुमचा हात न बघता. लई दिस म्हणायचो. सायबाच्या म्होरं म्हणायचं ठरिवलं हुतं."

मास्तरांनी विचारलं, "मग मागं वळून का बघितलंस रे?"

"तुमाला दिसावं म्हणून," पोरगा म्हणाला. "मी हाताबिगर बोलणार हुतो. तुमचं ध्यान हाय का, त्ये बघितलं."

जोतीरामला यातलं सगळं उमगलं नाही. त्याने मास्तरांपुढे गुळाचा खडा पुन्हा सरकवला. मास्तरांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून बसले. त्या दिवशी वर्गात मागे वळलेल्या धोंडीरामच्या तोंडावर हसू होतं. आता त्यांना ते लख्ख आठवत होतं. त्यांनी ते तेव्हाही पाहिलं होतं, अगदी समोरून पाहिलं होतं, आणि ते भीतीचं आहे असं समजले होते.