ओट्यावरचा मलिदा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते किराण्याची यादी करायला नाहीतर सही करायला. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही... पण आक्कांबद्दलचं खरं कुठंतरी लिहिलेलं असावं.

आक्का माझ्या नणंदबाई, आमच्या मालकांची मोठी बहीण. उदगीरला शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दाजींचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी मुखेडला आमच्या घरी मशीनवर ब्लाऊज शिवत होते. "चहा पिता पिता गेली गं," एवढंच ते बोलले. मला रडू यायच्या आधी भीती वाटली. लिहायलाही लाज वाटते, पण तसंच झालं. नऊ वर्षं आक्कांनी जे झाकून ठेवलं होतं, ते आता झाकणारं कुणी उरलं नव्हतं. उघडलं तर मलाच उघडावं लागणार होतं.

नऊ वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत आक्का आमच्याकडं आल्या आणि म्हणाल्या, पोरांना चंद्रपूरकडच्या जंगलात वाघ दाखवायला नेते. ओंकार तेव्हा अकरा वर्षांचा, वैशू सातची. मालक म्हणाले, "आक्का, लेकरांची जिम्मेदारी तुझी हाय बघ." आक्का हसल्या. "हाव रे, माझीच. आन् ह्या भित्रीला बी नेते. घरात बसून बसून मशीनीचा पाय झाली हाय." मी नको म्हणणार होते, पण मोठ्यांपुढं माझं तोंड उघडत नाही. नांदेडहून रेल्वे, पुढं जीप, असं करत आम्ही जंगलाच्या कडेच्या त्या लॉजवर पोहोचलो. सुट्या सुट्या खोल्या, प्रत्येकीपुढं लहानसा ओटा, आणि कुंपण म्हणावं तर कमरेएवढ्या काट्या. दारावर पाटी होती, खाण्याची कोणतीही वस्तू बाहेर ठेवू नये. ती पाटी मी एकेक अक्षर लावून वाचली होती. हे मुद्दाम लिहिते. मला वाचता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

दुपारी उघड्या जिप्सीत बसून जंगलात गेलो. सागाची पानं गळून गेलेली, सगळं रान वाळून खडखडीत. पाणवठ्याजवळ गाडी थांबली आणि गाईडनं नुसतं बोट केलं. वाघ पाण्यात बसला होता. पुढं काय झालं ते मला कळलं नाही, कारण मी डोळे मिटून घेतले. आक्कांनी कोपरानं ढोसलं. "अगं, उघड की डोळे. मिटूनच बसायचं हुतं तर घरीच बसायचं, फुकटात!" मी डोळे उघडले. वाघ उठून उभा होता आणि वैशूकडं बघत होता. गाईड म्हणाला, तो गाडीकडं बघतो, माणसाकडं नाही. पण मी आई आहे, माझ्या लेकीकडंच बघत होता तो. ओंकार खुशीत होता, वैशू टाळ्या वाजवायला निघाली तर आक्कांनी तिचे दोन्ही हात मुठीत धरून ठेवले. मी मात्र लॉजवर परत येईपर्यंत वैशूचा फ्रॉक सोडला नाही.

आमच्या माहेरी एक रीत होती. लेकरं घेऊन परक्या रानात, परक्या शेतात मुक्काम करायचा असला की त्या जागेला आधी निवद द्यायचा. गुळ-भाकरीचा मलिदा, वर चिमूटभर कुंकू. पानावर ठेवायचा आणि मागं न बघता आत यायचं, म्हणजे जागा लेकरांना सांभाळते. माझी आई खळ्यावर झोपायला गेली तरी ठेवायची. माझ्या पिशवीत भाकरी होती, गूळ होता, तूप होतं. तिन्हीसांजेला आक्का अंघोळीला गेल्या तेवढ्यात मी मलिदा केला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. कुणाला सांगितलं नाही. मग मला झोपही चांगली लागली...

पहाटे पुन्हा जंगलात जायचं होतं. वैशू सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार. आक्का वेणी घालत होत्या. "आई, जिप्सी आली," म्हणत वैशूनं कडी काढली आणि बाहेर पळाली. जिप्सी नव्हती. मी दारात पोहोचले तर ती ओट्यावर पुतळ्यासारखी उभी, आणि तिच्यापासून चार पावलांवर अस्वल. तोंड मलिद्यात. त्यानं मान वर केली, नाकाला कुंकू लागलेलं होतं. मी ओरडले की नाही आठवत नाही. आक्का माझ्या अंगावरून गेल्या, वैशूला कंबरेला धरून मागं माझ्याकडं फेकलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. आणि मी... आतून कडी लावली. माझ्या ह्या हातानं लावली. बाहेर बादली आपटल्याचा आवाज, आक्कांचा वर्गात ओरडतात तसा आवाज, मग काहीतरी धपकन पडलं. वैशू माझ्या पोटात तोंड खुपसून थरथरत होती. ओंकार म्हणत होता, "आई, आत्या बाहेर हाय. आई, आत्या बाहेर हाय." मी कडीवरचा हात काढला नाही.

माणसं धावत आली तेव्हा अस्वल निघून गेलं होतं. आक्का ओट्यावरून खाली पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं. मला बघून म्हणाल्या, "कडी लावलीस ते बेस केलंस. उघडली असतीस तर मीच तुला हाणलं असतं."

मग मॅनेजर आला. पान उचललं, कुंकू बघितलं आणि विचारलं, हे कुणी ठेवलं? आक्कांनी माझ्याकडं बघितलं. एकदा मुखेडच्या बाजारात ओंकार दोन मिनिटं हरवला होता, तर मालकांनी मला दोन वर्षं लेकरं घेऊन माहेरी जाऊ दिलं नव्हतं. आक्कांना ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "मी ठेवलं." पाच हजार दंड झाला, तो त्यांनी एका हातानं मोजून दिला. मी खाली मान घालून उभी होते.

घरी आल्यावर मालकांनी काय बोलायचं बाकी ठेवलं नाही. "शाळेत इज्ञान शिकवतीस आन् जंगलात निवद ठेवतीस? आजपासून माझी लेकरं तुझ्यासंगं पाठवणार न्हाई." आणि पाठवली नाहीत. पुढच्या प्रत्येक सुट्टीत आक्का विचारायच्या, "वैशूला आठ दिस पाठवतोस का?" मालक म्हणायचे, बघू. दोन-तीन वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं. दंडाचे पैसे फेडायला मी ब्लाऊजच्या कमाईतून त्यांना कधी दोनशे, कधी तीनशे द्यायचे. त्या नको म्हणत नसत. मुकाट्यानं पर्समध्ये ठेवायच्या. नको म्हणाल्या असत्या तर मी त्यांच्या दारात उभी राहू शकले नसते, हे त्यांना समजत होतं. एकदा मी म्हणाले, आक्का, सांगून टाकते. "आन् मग तुला कोण वाचवणार? मला एकदाच बोलून झालं. तुला रोज बोलतील. गप ऱ्हा."

आक्का गेल्या तेव्हा सातशे रुपये द्यायचे राहिले होते.

तेराव्याला उदगीरच्या घरात माणसं जेवून बसली होती. कुणीतरी अस्वलाची गोष्ट काढली. "निवदवाली मास्तरीण," असं म्हणून एक जण हसला. मालकही म्हणाले, "शिकली लई, पर भोळीच राहिली." माझ्या हातात वरणाची रिकामी बादली होती. ती खाली ठेवली. कमरेचा बटवा सोडला. नोटा काढून मी दाजींपुढं धरल्या.

"कशाचे गं?" ते म्हणाले.

"दंडाचे. राहिलेले." सगळे बघत होते. "मलिदा आक्कांनी न्हाई, मी ठेवला व्हता."

मला वाटलं मालक आता उठतील. ते उठले नाहीत. माझ्याकडं बघत होते, पण मी त्यांना दिसत नसावे. "नऊ वर्षं मी तिलाच बोललो," एवढंच म्हणाले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

वैशू दारात उभी होती. आता सोळाची आहे. ती म्हणाली, "मग मी आत्याकडं का न्हाई गेले, आई? एवढ्या सुट्ट्या..."

मी बटव्याची दोरी पुन्हा आवळून बांधली.

दाजी पैसे परत करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी केले नाहीत. शंभराच्या सात नोटा बोटाला थुंकी लावून मोजल्या, घडी घालून खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "पुरे झाले. पैशे तेवढे फिटले."