लग्नाला गेलेला संग्रह

नाशकातल्या जुन्या वस्तू आणि वास्तू जपायला ट्रस्ट काढायचा, ही कल्पना अक्काबाईंची. त्यापायी धापा टाकायचं काम मात्र माझं. अक्काबाई म्हणजे भांड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई. नवऱ्यामागे दुकान त्यांनीच चालवलं, पण कोणी मोडीत जुनं घंगाळ घेऊन आलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. एक दिवस त्यांनी मला रस्त्यातून हाक मारली, दुकानात बसलेल्या महेबूब गवंड्याकडे बोट दाखवलं आणि सांगून टाकलं की आजपासून आपण तिघं विश्वस्त. मी पेन्शनीत निघालेला मास्तर. म्हटलं, वेळ जाईल. कसला वेळ जातोय, जीव जायची वेळ आली!

गोदाकाठी एका सरदार घराण्याचा दगडी नगारखाना होता. घराण्याचे शेवटचे वारस खंडेराव इंदुरात राहायचे. त्यांनी तो आम्हाला नुसता वापरायला दिला होता. महेबूबनं ढासळलेल्या कमानी चुन्यात पुन्हा बसवल्या आणि अक्काबाईंनी दारोदार फिरून तो भरला. समया, घंगाळं, नगारे, एक पालखीसुद्धा. लोक पिढीजात वस्तू इतक्या सहज कशा देतात, याचं मला नवल वाटे. मग कळलं, बाईंनी प्रत्येकाला शब्द दिला होता: घरात लग्न निघालं की वस्तू न्यायची, कार्य उरकलं की परत आणायची. मी चिडलो. ही काय ट्रस्ट चालवायची रीत झाली?

"लेक दिली म्हणून माहेर तुटतं का, मास्तर?" अक्काबाई म्हणाल्या. मी तोंड वाकडं करून प्रत्येक वस्तूच्या नावाची चिठ्ठी लिहायला बसलो.

शब्द देताना एक गोष्ट आम्हा तिघांच्याही डोक्यात आली नाही. गावातली लग्नं मुहूर्तावर लागतात, आणि चांगला मुहूर्त सगळ्यांना एकच असतो.

छत्तीस सालच्या वैशाखात असा मुहूर्त आला. त्या सकाळी नगारखान्यात उरल्या फक्त मी सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या. आणि नेमके त्याच सकाळी, न कळवता, खंडेराव दारात उभे! एक ठेकेदार इमारतीचा दगड आणि सागवान मागत त्यांच्या मागे लागला होता. संग्रह नीट जपलेला दिसला तर इमारत ट्रस्टच्या नावे करायची, नाहीतर पाडायला देऊन मोकळं व्हायचं, असं ठरवून म्हातारा इतक्या लांबून आला होता. काठी टेकत त्यांनी सगळा रिकामा नगारखाना फिरून चिठ्ठ्या वाचल्या. अक्षर छान आहे, एवढंच म्हणाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

अक्काबाईंनी पदर खोचला. "संग्रह लग्नाला गेलाय, रावसाहेब. चला, आपणही जाऊ."

मग जो टांगा सुटला तो सुटला. पंचवटीत नवरदेव आमच्याच घंगाळाच्या पाण्यानं न्हात होता. डोळ्यांत शिकेकाई गेलेली, आणि अक्काबाई त्याला बाजूला सारून रावसाहेबांना कड्यांवरची नक्षी दाखवताहेत. तिथं लाडू खावे लागले. भद्रकालीत समया पाहायला गेलो तर जिलबीचा आग्रह. पुढच्या मांडवात आमच्या पालखीतून नवरी उतरत होती. तिचा मामा कुठं दिसेना, मुहूर्त टळायला आला. मग भटजींनी फेटेवाला म्हातारा पाहून रावसाहेबांनाच मामा म्हणून तिच्या पाठीशी उभं केलं, आणि ते गृहस्थ खुशाल उभे राहिले! अक्षता टाकताना मला हसू आवरेना.

शेवटी एकलहऱ्याला पोचलो. वेशीपाशी बहिरू नावाचा पोरीचा बाप स्वतःच नगारा बडवत होता. लय जुना हाय, पर आवाज ऐका, असं म्हणून त्यानं टिपऱ्या पुढे केल्या. खंडेरावांनी काठी माझ्या हातात कोंबली आणि असा दणका उडवला की टांग्याचं घोडं बिथरलं.

परतताना मात्र माझं हसू आटलं. नगाऱ्याचं कातडं सैल झालं होतं, पालखीच्या दांड्याला नवा चरा पडला होता. मी खंडेरावांच्या जागी असतो तर ठेकेदारालाच बोलावलं असतं.

नगारखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं की इमारत देतो, पण अट आहे. अक्काबाईंनी सवयीनं लगेच शब्द दिला: तुमच्याकडे लग्न निघालं की खुशाल घेऊन जा. इमारत कशी नेणार, म्हणून महेबूब हसू लागला.

"माझ्याकडे आता लग्न निघायचं नाही, अक्काबाई," खंडेराव म्हणाले. "मूल नाही, पुतण्या नाही. ज्याला मांडव घालायला अंगण नाही, त्याचं लग्न इथं लावा. आणि मला बोलवा."

अक्काबाई रडल्या. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

पहिलं लग्न महेबूबच्या लेकीचं, अनवरीचं लागलं. त्याचं घर म्हणजे एकच खोली. खंडेराव आदल्या दिवशीच इंदुराहून आले. नवा फेटा बांधून, गुलाबदाणी घेऊन ते सकाळपासून दारात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाकून सांगत होते, "या, या. आमच्या घरचं कार्य आहे."