रान आणि झाडी

आज सकाळी बागेत ऑइलपेंटचा वास सुटला होता. गेल्या महिन्यात आणून ठेवलेल्या सिमेंटच्या ओंडक्यांना एक रंगारी तपकिरी रंग देत होता. हे ओंडके बसण्यासाठी आहेत. त्यांच्या अंगावर सालीसारख्या रेघा उमटवल्या आहेत, आणि दोन्ही टोकांना, झाड कापल्यावर दिसतात तशी, एकात एक गोल वर्तुळं. रंगारी बारीक ब्रशने ती वर्तुळं पिवळी करत होता, अगदी मन लावून. त्याचा राग येण्याचं काही कारण नव्हतं. पण त्याच्यापासून चार पावलांवर, फरशीच्या कडेला, खऱ्या ओवळाचं खोड जमिनीलगत कापलेलं आहे. त्याच्यावरही वर्तुळं आहेत, कुणी न रंगवलेली, आणि त्यांच्यावर त्याने रंगाचा डबा ठेवला होता. मला किळस आली. नुसतं वाईट वाटलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. वाईट वाटणं विरून जातं. ही किळस काही केल्या जात नाही.

ओवळ म्हणजे बकुळ. बंदराकडच्या या बागेत ओवळाची पाच झाडं होती, दोन भेंड होते आणि समुद्राच्या अंगाला एक उंडी. उंडी तेवढी अजून आहे, कारण ती फोटोत चांगली येते. बाग म्हणायची म्हणून बाग. झोपाळ्याची एक साखळी तुटलेली, कारंज्याच्या कोरड्या हौदात बकऱ्या निजलेल्या. पण आमच्या वाडीला तिचा उपयोग फिरायला जाण्यासाठी नव्हताच. मागच्या पडक्या भिंतीतून आत शिरायचं, झाडांखालून पलीकडे निघायचं, की समोर शाळा आणि तिच्या शेजारी एस.टी.चा थांबा. पाच मिनिटांची वाट, तीही सावलीतली. डांबरी रस्ता खाडीच्या कडेने मोठं वळण घेऊन जातो. त्याला कडेला पाय ठेवायला जागा नाही, आणि देवबागकडे धावणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना सकाळपासून दम नसतो. ओवळ फुलायचं तेव्हा त्या पाच मिनिटांची पंधरा व्हायची. बारीक, मळकट पांढरी फुलं वाटेवर पडलेली असत; तुडवायला जीव धजत नसे आणि वेचायला वेळ नसे. वहीत घातलेली फुलं सुकून तपकिरी झाली तरी पुढच्या परीक्षेपर्यंत वहीला वास असायचा. अकरावीच्या अर्थशास्त्राच्या वहीत अजून आहेत. ती वही मी हल्ली उघडत नाही.

या वाटेवर माझ्यासोबत रोज आमच्या शेजारची काकी असायची. ती शाळेत मुलांचं जेवण रांधते. माझी एस.टी. सातची, तिची चूल साडेसातची, त्यामुळे आम्ही बरोबरच निघायचो. काकीचा डावा गुडघा दुखतो, पण चालण्यात मी तिच्या मागेच. "बेगीन चल गो," ती ओरडायची, "एस्टी काय तुजो घोव नाय, तुजी वाट बघत ऱ्हवाक!" आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आईबाबांना त्याचा अभिमान होता, काकीला तो जरा जास्तच होता. वाटेत कुणी भेटलं की न विचारता सांगायची, "ह्यां आमचां चेडू कॉलेजात जातां हां." चेडू म्हणजे मुलगी.

मागच्या पावसाळ्यानंतर त्या वाटेवर कमरेइतकं गवत आणि झुडपं माजली. एका सकाळी काकीच्या पायासमोरून साप गेला. संध्याकाळी तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, वाडीतल्या बायका जमल्या आणि बाग ज्यांच्या ताब्यात होती त्या कचेरीला अर्ज द्यायचं ठरलं. काकीने माझ्यापुढे कागद सरकवला.

"तू लिव. वाटेर रान वाढलां, पाय खंय पडता तां कळणा नाय. तेवढां रान बेणून देवा म्हणान लिव."

आमच्याकडे रान म्हणजे माजलेलं गवत आणि झुडपं, आणि बेणणं म्हणजे ती कोयत्याने कापून जमीन साफ करणं. आंब्याकाजूच्या बागांतून दरवर्षी बेणणी होते. झाडाला धक्का लागत नाही, उलट झाडासाठीच ती करतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण पेन हातात घेतल्यावर वाटलं, 'रान' म्हणजे तर पुस्तकात जंगल. आणि 'बेणणे'? असला शब्द साहेबांसमोर कसा न्यायचा? तो मला मातीने भरलेल्या पायांसारखा वाटला, धुतल्याशिवाय कचेरीत न नेण्याजोगा. मी तो धुतला. मी लिहिलं: 'बागेतील झाडी तोडून नागरिकांना ये-जा करण्यासाठी रस्ता मोकळा करून मिळावा.'

मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या खूश झाल्या. "पेपरात येता तसां लिवल्यान गो!" एकजण म्हणाली. काकी हसून म्हणाली, "माका अर्धां कळाक नाय. म्हणजे सायबाक बरोबर कळतलां."

साहेबांना बरोबर कळलं. हिवाळ्यात एका संध्याकाळी मी एस.टी.तून उतरले तर बागेच्या जागी नुसतं आभाळ होतं. इतकं आभाळ मी तिथे कधी पाहिलं नव्हतं. ते उघडं, निर्लज्ज वाटलं. भेंडांच्या फांद्या ट्रकात चढत होत्या. ताज्या कापलेल्या लाकडाचा ओला, तुरट वास घशात बसत होता. काकी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि करवतवाल्याला विचारत होती, "ह्यां तुमका कोणी सांगल्यान?" तो मान वर न करता म्हणाला, "वरसून ऑर्डर आसा." काकी म्हणाली, "वर काय आता? आभाळच ऱ्हवलां." दोनचार जण हसले. मीही हसले, हे मला चांगलं आठवतं.

मग फरशी आली, गाड्या लावण्यासाठी आखलेल्या पांढऱ्या रेघा आल्या, हिरवं प्लास्टिकचं गवत आलं, फोटो काढण्यासाठी लाल पत्र्याचा बदाम आला. मागची पडकी भिंत बांधून काढली. पुढे फाटक बसलं आणि त्यावर वेळ: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. त्याच्या शेजारी मोठा फलक, 'नागरिकांच्या मागणीनुसार बागेचे सुशोभीकरण'. काकीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवल्यावर म्हणाली, "कोण तो मेलो नागरिक? माका एकदा गावांदे."

तो नागरिक शोधायला आम्ही पाचसहा जणी कचेरीत गेलो. साहेबांनी फाइल काढली, शांतपणे. "ताई, आम्ही मनाने काहीच केलेलं नाही. हा तुमचाच अर्ज. झाडी तोडून, रस्ता मोकळा करून. दोन्ही केलं." मग माझ्याकडे पाहून ते हसले. "अक्षर तुमचंच ना? फार सुंदर आहे. तुमच्यासारखी शिकलेली मुलं गावात हवीत."

काकी वळून माझ्याकडे बघत राहिली. "झाडी म्हणजे काय गो?"

सांगायला हवं होतं, की झाडी हा माझा शब्द आहे, हिने रान म्हटलं होतं. तेवढी एक ओळ. त्याऐवजी मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर बघत राहिले. त्या माणसाला कळत नव्हतं असं मी मानत नाही. तो याच जिल्ह्यातला, त्याच्या बोलण्याच्या हेलावरून कळत होतं. त्याच्या घरची आंब्याची कलमंही कुणीतरी दरवर्षी बेणत असेल, आणि 'साफ करा' म्हटल्यावर कुणी ती मुळापासून कापली असती तर त्याने गाव डोक्यावर घेतला असता. त्याला पांढऱ्या रेघा हव्याच होत्या. त्याला फक्त एक शब्द हवा होता, आमच्या तोंडचा वाटेल असा, आणि तो मी सुवाच्य अक्षरात नेऊन दिला होता. त्याची किळस येते ती या लबाडीची. माझी येते ती त्या हसण्याची; कारण अक्षराचं कौतुक झाल्यावर, एक क्षणभर, मीही परत हसले होते.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या ग्रंथालयात मी जाडजूड शब्दकोश काढून पाहिला. 'बेणणे' त्यात होता. मोकळा, ताठ, इतर शब्दांच्या रांगेत बसलेला. मी किती वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले कोण जाणे.

काकीला सांगितलं ते शाळेच्या चुलीपाशी. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि एवढंच म्हणाली, "आमच्या बोलण्याची तुका लाज वाटली?" मी रडले असते तर बरं झालं असतं, रडूही आलं नाही. त्यानंतर चार दिवस आम्ही डांबरी रस्त्यानेच निघत होतो, एकाच वेळेला, पण ती पुढे आणि मी बरीच मागे. पाचव्या दिवशी वळणावर एका गाडीचा आरसा तिच्या पिशवीला लागला. पिशवी फेकली गेली, काकी गटारात बसली. गाडी थांबली नाही. मी धावत जाऊन तिला उठवलं. गुडघा सोलवटला होता. रस्त्यावर फुटलेल्या दुधीकडे बघत ती म्हणाली, "माका काय झालां नाय. दुधी मेलो." मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली. "संध्याकाळी कागद घेवन ये. आता मी सांगतंय तसां लिव. तुजी अक्कल भायर ठेव."

मी लिहिलं. 'आमका बागेतसून जावची वाट होयी. गाडी जाय इतकी नको, माणूस जाय इतकी पुरे. मागच्या भिंतीक भोक पाडा. झाडां तुमी तोडलास, ती काय परत देवचास नाय, म्हणान ती मागणव नाय.' शेवटचं वाक्य काकीने मला तीनदा वाचायला लावलं. मग वाडीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या, काकीने अंगठा.

कचेरीतल्या कारकुनाने वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "हे प्रमाण मराठीत लिहून आणा."

"तुमका कळलां मां?" काकीने विचारलं.

"कळलं हो, पण..."

"मगे झालां."

कुणाला दया आली, की आमच्या रोजच्या फेऱ्यांचा कंटाळा, सांगता येत नाही. पण दोन महिन्यांनी मागच्या भिंतीत एक माणूस जाईल एवढी फट पाडली गेली आणि तिच्या रेषेत पुढेही एक छोटं दार. स्कूटर शिरू नये म्हणून मध्ये लोखंडी खांब आहे. वाडीची सकाळ पुन्हा बागेतून जाते. सावली नसते, पण गाड्याही नसतात.

परवा, पहिल्या दिवशी, मी काकीच्या मागून आत शिरले. आता तिथे शेवटपर्यंत सपाट फरशी आहे. डोळे मिटूनही सरळ चालता येईल. काकी चार पावलं सरळ गेली, मग डावीकडे वळली, थोडी पुढे जाऊन उजवीकडे आली. समोर काहीच नव्हतं. तिच्यामागून मासळीची टोपली घेऊन जाणारी बाई गेली, तीही तिथेच वळली. मग माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या ओवळाची मुळं तिथे जमिनीवर आलेली होती, ठेच लागायची, म्हणून सगळे बाजूने जायचे. मुळं फरशीखाली गेली. पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. काही वर्षांनी इथे दुसरे पाय येतील, ते सरळ जातील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

मी मात्र त्या दिवशी मुद्दाम सरळ चालून पाहिलं, ते दुसरं ओवळ जिथे उभं होतं बरोबर तिथून. पाय कुठेच अडला नाही.